विमानतळ ते क्रूझ धक्का: रत्नागिरी–गोवा सीमापार बसप्रवासाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्रपर्यटनाच्या जहाजाला मराठीत आता सर्रास ‘क्रूझ’ म्हटले जाते, आणि विमानतळ किंवा रेल्वेस्थानक व बंदर यांच्यामध्ये ठरावीक वेळी ये-जा करणाऱ्या बसला ‘शटल’ म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातील कुटुंबांच्या दृष्टीने या दोन शब्दांचा मेळ प्रामुख्याने गोव्यात बसतो, कारण कोकण किनाऱ्यावर मुंबईच्या दक्षिणेस मोठी क्रूझ जहाजे नियमितपणे लागणारे जवळचे बंदर म्हणजे जुवारी नदीच्या मुखावरील मुरगाव होय. तेथे पोहोचण्यासाठी महाराष्ट्र–गोवा सीमा ओलांडावी लागते, आणि या साध्या वाटणाऱ्या प्रवासाविषयी जे समज रूढ आहेत त्यांतील काही प्रवाशाचे जहाज चुकवू शकतात. म्हणून अशा प्रमुख समजांची येथे एकेक करून तपासणी केली आहे.

गैरसमज 1: ‘गोव्याचे तिकीट’ काढले की बंदराजवळच उतरता येते.

वस्तुस्थिती: गोव्यात दोन विमानतळ आहेत आणि बंदराच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे. वास्कोजवळचा दाभोळी विमानतळ नौदलाच्या ‘आयएनएस हंसा’ या तळावर असून त्याचा संकेत ‘जीओआय’ आहे, तर पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले, तेथून 5 जानेवारी 2023 पासून विमानसेवा सुरू झाली आणि त्याचा संकेत ‘जीओएक्स’ आहे. दाभोळीहून मुरगावचा धक्का दहा किलोमीटरच्या आतबाहेर आहे. मोपाहून मात्र साधारण 60 ते 65 किलोमीटर जावे लागते आणि त्या वाटेत कोलवाळला शापोरा, पणजीला मांडवी आणि कुठ्ठाळीला जुवारी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. मांडवीवरील अटल सेतू 2019 मध्ये आणि जुवारीवरील नव्या केबल-आधारित पुलाचा पहिला भाग डिसेंबर 2022 मध्ये खुला झाल्याने हा रस्ता पूर्वीपेक्षा सुसह्य झाला असला, तरी गर्दीच्या हंगामात त्याला लागणारा वेळ नकाशावरील अंतरावरून ठरवता येत नाही. रत्नागिरीहून जाणाऱ्याला मोपा जवळचा पडतो आणि जहाजाला दाभोळी जवळचा पडतो, ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे दिल्लीहून येणारा नातेवाईक आणि रत्नागिरीहून निघालेले कुटुंब वेगवेगळ्या विमानतळांवर एकमेकांची वाट पाहत उभे राहण्याचा प्रसंग ओढवू शकतो. तिकिटावर छापलेली तीन अक्षरे वाचणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

गैरसमज 2: रत्नागिरीलाच विमानतळ असल्याने तेथून सोय होईल.

वस्तुस्थिती: रत्नागिरी शहराजवळची धावपट्टी भारतीय तटरक्षक दलाच्या वापरात आहे आणि नागरी वाहतुकीसाठी तेथे प्रवासी टर्मिनलचे काम हाती घेण्यात आले आहे, परंतु धावपट्टी असणे आणि वेळापत्रकानुसार प्रवासी विमान सुटणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. शेजारच्या सिंधुदुर्गात परुळे-चिपी येथील विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला, तरी तेथील उड्डाणांची संख्या मर्यादित राहिली आहे. त्यामुळे या विमानतळांचा आधार घेऊन बेत आखण्यापूर्वी त्या विशिष्ट दिवसाचे तिकीट प्रत्यक्ष मिळते का, हे पाहणे अपरिहार्य ठरते.

गैरसमज 3: सीमा ओलांडायची म्हणजे पारपत्र व तपासणी आलीच; किंवा याच्या उलट, एकाच देशातील सीमा असल्याने कसलेच बंधन नाही.

वस्तुस्थिती: हे दोन्ही समज अर्धवट आहेत. बांद्यापलीकडील पत्रादेवीची सीमा एकेकाळी खरोखरच दोन देशांमधील सीमा होती. 15 ऑगस्ट 1955 रोजी गोवामुक्तीसाठी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी येथे गोळीबार केला आणि त्यांच्या स्मरणार्थ आज तेथे हुतात्मा स्मारक उभे आहे. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, 30 मे 1987 रोजी त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, आणि तेव्हापासून ही दोन राज्यांमधील अंतर्गत सीमा आहे. भारतीय नागरिकाला ती ओलांडताना कोणताही परवाना लागत नाही.

मात्र मालाला आणि वाहनाला ही मोकळीक जशीच्या तशी लागू होत नाही. गोव्यात मद्यावरील कर कमी असल्याने तेथून महाराष्ट्रात येणाऱ्या मद्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाची नजर असते, सावंतवाडी तालुक्यातील इन्सुली येथे त्यासाठी तपासणी नाका आहे, आणि परवान्याशिवाय असे मद्य आणणे हा महाराष्ट्राच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरतो. परतीच्या प्रवासात एका प्रवाशाच्या पिशवीमुळे संपूर्ण बस नाक्यावर अडकू शकते, हे सहप्रवाशांनीही ध्यानात ठेवले पाहिजे.

गैरसमज 4: भाड्याची कोणतीही गाडी गोव्यात नेता येते.

वस्तुस्थिती: मोटार वाहन अधिनियम, 1988 हा प्रवासी वाहतुकीचे दोन प्रकार वेगळे करतो. ठरलेल्या मार्गावर टप्प्याटप्प्याने प्रवासी चढवत-उतरवत आणि प्रत्येकाकडून स्वतंत्र भाडे घेत चालणारी ती ‘टप्पा वाहतूक’. राज्य परिवहन महामंडळाची एसटी आणि गोव्याचे कदंब महामंडळ यांच्या नेहमीच्या बसगाड्या या प्रकारात येतात. संपूर्ण गाडी एका कराराने घेऊन ठरलेल्या प्रवाशांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी ती ‘कंत्राटी वाहतूक’. पर्यटन कंपनीची खास बस या प्रकारात मोडते. एका राज्याने दिलेला परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, त्यावर त्या राज्याची प्रतिस्वाक्षरी, म्हणजे मान्यतेची सही, लागते असे या कायद्याचे कलम 88 सांगते. अखिल भारतीय पर्यटक परवाना हा त्यास असलेला अपवाद असून त्याची पद्धत 2021 आणि त्यानंतर 2023 च्या नियमांनी सुटसुटीत केली आहे. अशा परवान्याच्या गाडीत प्रवाशांची यादी ठेवावी लागते आणि टप्पा वाहतुकीप्रमाणे वाटेत सुटे प्रवासी घेता येत नाहीत, म्हणूनच ‘राजापूरला हात दाखवू, गाडी थांबेल’ हा हिशेब तेथे चालत नाही.

प्रवाशाला या कायद्याची ओळख पाटीवरून पटते. भाड्याच्या वाहनाची पाटी पिवळी व तिच्यावरील अक्षरे काळी असतात, भाड्याच्या विद्युत वाहनाची पाटी हिरवी व अक्षरे पिवळी असतात, आणि पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेले वाहन खासगी असते. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी भाडे देऊन बंदरापर्यंत नेणे स्वस्त वाटते. परंतु तो परवान्याचा भंग असतो आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळण्यात गंभीर अडचण येऊ शकते.

गैरसमज 5: कोकण रेल्वेने गेल्यास थेट बंदरावर पोहोचता येते.

वस्तुस्थिती: कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 1998 मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि रत्नागिरीकरांना पेडणे, थिवी, करमळी व मडगाव ही गोव्यातील स्थानके जवळ आली; पण हा मार्ग मुरगावला जात नाही. वास्को द गामा स्थानकाकडे जाणारा लोहमार्ग त्याहून कितीतरी जुना असून तो पोर्तुगीज काळात, 1880 च्या दशकात, मुरगाव बंदराला घाटापलीकडच्या प्रदेशाशी जोडण्यासाठी बांधला गेला. त्यामुळे रत्नागिरीचा प्रवासी मडगावला उतरला की पुढचा टप्पा बसने, टॅक्सीने किंवा दुसऱ्या गाडीने करावा लागतो. जून महिन्यात कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू होते, तेव्हा दरडींच्या धोक्यामुळे गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा बदलतात.

रस्त्याने जाणाऱ्यालाही वेळेची हीच सावधगिरी लागते. रत्नागिरी, हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ, बांदा या क्रमाने मुरगावपर्यंतचे अंतर अडीचशे किलोमीटरहून अधिक भरते, आणि राष्ट्रीय महामार्ग 66 च्या चौपदरीकरणात रत्नागिरी जिल्ह्यातील आरवली ते वाकेड हा पट्टा दीर्घकाळ रेंगाळलेला असल्याने सुरुवातीचे पन्नास किलोमीटरच अधिक वेळ खातात.

गैरसमज 6: बस उशिरा पोहोचली तर जहाज थोडे थांबेल, आणि बस थेट जहाजाच्या शिडीपाशी सोडेल.

वस्तुस्थिती: जहाज सुटण्यासाठी बंदराचा पायलट, म्हणजे त्या पाण्याची माहिती असलेला व जहाजाला वाट दाखवणारा अधिकारी, जहाजाला ओढून-ढकलून वळवणाऱ्या टग बोटी आणि धक्क्यावरील ठरलेली जागा या तिन्हींची वेळ जुळवावी लागते, एक तास चुकला तर पुढील बंदरातील वेळही चुकते. म्हणून जहाजावर चढण्याची प्रक्रिया प्रत्यक्ष सुटण्याच्या वेळेपूर्वीच, साधारणपणे एक ते दोन तास आधी, बंद होते. जहाज कंपनीने स्वतः ठरवलेल्या बसला उशीर झाला तर कंपनी सहसा त्या प्रवाशांची जबाबदारी घेते. स्वतंत्रपणे घेतलेल्या बसच्या उशिराची जबाबदारी मात्र प्रवाशावरच राहते.

दुसरी बाब सुरक्षेची आहे. 1 जुलै 2004 पासून जगभर लागू असलेल्या जहाज व बंदर सुरक्षा संहितेमुळे बंदराचा आतील भाग प्रतिबंधित क्षेत्र मानला जातो, त्यामुळे बाहेरच्या वाहनाचा प्रवास फाटकापाशी किंवा टर्मिनलच्या दाराशी संपतो आणि पुढे ओळखपत्र, सामानाची क्ष-किरण तपासणी व नोंदणी असे टप्पे असतात. देशांतर्गत फेरीसाठी सरकारी छायाचित्र ओळखपत्र पुरते. परंतु फेरी लक्षद्वीपला जाणार असेल तर भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो, आणि ती परदेशी बंदराला लागणार असेल तर पारपत्र व आप्रवासन तपासणी आलीच. परदेशी पाहुण्यांच्या दृष्टीने मुरगावचे महत्त्व असे, की ई-व्हिसावर भारतात प्रवेश देणाऱ्या सागरी बंदरांमध्ये त्याचा समावेश आहे.

गैरसमज 7: परदेशातही सीमापार शटल बस अशीच सहज असते.

वस्तुस्थिती: अमेरिकेत सिएटल परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे गावाकडून आलेल्या आई-वडिलांना अलास्काची क्रूझ घडवतात, तेव्हा हा फरक ठळकपणे समोर येतो. अमेरिकेच्या 1886 च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरात प्रवासी घेऊन त्याला दुसऱ्या अमेरिकी बंदरात कायमचे उतरवता येत नाही, आणि बहुतेक क्रूझ जहाजे परदेशी ध्वजाचीच असतात. म्हणून अलास्काच्या अनेक एकमार्गी फेऱ्या कॅनडातील व्हँकुव्हरहून सुटतात. सिएटल विमानतळावरून बसने व्हँकुव्हरच्या धक्क्यावर जाताना ब्लेन–सरे येथील नाक्यावर प्रवाशांना उतरून पारपत्र दाखवावे लागते, आणि अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकालाही कॅनडाचा व्हिसा वेगळा घ्यावा लागतो. रत्नागिरीहून मुरगावला आणि सिएटलहून व्हँकुव्हरला लागणारे अंतर जवळपास सारखेच असले, तरी पहिल्या प्रवासात सीमा वाहनाला अडवते आणि दुसऱ्या प्रवासात ती माणसाला अडवते.

गैरसमज 8: समुद्रमार्गे प्रवास ही रत्नागिरीला नवी गोष्ट आहे आणि ती बारमाही चालते.

वस्तुस्थिती: मुंबई आणि गोवा यांच्या दरम्यान कोकण किनाऱ्यावरून आगबोटी धावत असत तेव्हा रत्नागिरी हे त्यांचे महत्त्वाचे बंदर होते. बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, प्रवासी पडावातून, म्हणजे सामान व माणसे वाहून नेणाऱ्या रुंद होडीतून, तिच्यापर्यंत जात आणि हेलकावणाऱ्या पडावातून शिडीवर पाय टाकत असत. विमानतळ ते धक्का या आजच्या शटलचे काम त्या काळी हा पडाव करीत होता. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही बोटसेवा बंद ठेवली जाई, आणि पश्चिम किनाऱ्यावरील क्रूझचा मुख्य हंगामही आज साधारणपणे ऑक्टोबर ते मे असाच असतो. जहाजे बदलली, इंजिने बदलली, तरी नैऋत्य मोसमी वाऱ्यांपुढे किनाऱ्याने स्वीकारलेली ही शिस्त कायम आहे.

या सर्व तपासणीचा निष्कर्ष असा, की अशा प्रवासाचे नियोजन घरून निघण्याच्या वेळेपासून पुढे मोजत न जाता जहाजाचे चढण्याचे दार बंद होण्याच्या वेळेपासून मागे मोजत केले पाहिजे. उदाहरणार्थ, दार दुपारी दोनला बंद होत असेल तर बंदराच्या फाटकाशी बाराला पोहोचायचे, मोपाहून येणाऱ्या बससाठी त्याआधी किमान अडीच तास राखायचे, आणि रत्नागिरीहून निघणाऱ्याने आदल्या रात्री गोव्यात मुक्काम करणे अधिक सुरक्षित मानायचे. त्याचबरोबर एसटी व कदंब या दोन्ही सार्वजनिक महामंडळांनी क्रूझच्या हंगामात विमानतळ, रेल्वेस्थानक आणि मुरगाव यांना जोडणारे एकत्रित वेळापत्रक प्रसिद्ध केले, तर सामान्य प्रवाशाला खासगी गाडीवर अवलंबून राहावे लागणार नाही. पडावाच्या काळात ही सोय बोटीच्या वेळेशी बांधलेली होती, आणि आजच्या प्रवाशालाही तितकीच सोय मिळणे रास्त आहे. तोपर्यंत तिकीट काढण्यापूर्वी विमानतळाचा संकेत, वाहनाचा परवाना आणि उशिराची जबाबदारी कोणाची, या तीन गोष्टी प्रत्येक प्रवाशाने लेखी विचारून घ्याव्यात.