धक्के वाढवावे की पट्टा?

चेन्नईजवळचे एन्नोर बंदर २००१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथे कोळशाचे दोनच धक्के होते. दोन जहाजे लागली की तिसऱ्याने नांगर टाकून थांबायचे. संगणक कक्षातला फाइल सर्व्हरही असाच. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेल्या एनएफएस पद्धतीत, एका वेळी एकेक विनंती हाताळणारे 'थ्रेड' म्हणजे हे धक्के. लिनक्सवर अनेक वर्षे ते मुळात ८ असत. चाळीस संगणकांनी एकदम फाइली मागितल्या तर ८ अपुरे पडतात. ते ३२ किंवा ६४ करता येतात. पण कोळसा वाहणारा सरकता पट्टा तोच राहिला, तर धक्के वाढवून काय उपयोग? म्हणून डिस्क, मेमरी की नेटवर्क, नेमके कुठे अडते ते आधी पाहावे.

वेगाचा आणखी एक मार्ग आहे: 'असिंक'. यात फाइल डिस्कवर पोहोचण्याआधीच सर्व्हर 'लिहिली' असे कळवतो. तेवढ्यात सर्व्हरची वीज गेली, तर आपला प्रकल्प गेला, आणि आपण मात्र निर्धास्त! 'सिंक' हळू असतो, पण डिस्कवर लिहून झाल्यावरच उत्तर देतो. परीक्षेच्या व प्रकल्पाच्या फाइलींसाठी तोच ठेवावा. काम पूर्ण झाल्यावरच रिपोर्ट द्यायचा, हे आपण परेडवर शिकतोच.