डॉक्टर-परिचारिका एका बाकावर

गाय गाभडते. तिची वार उघड्या हातांनी काढणाऱ्या घरधन्याला पुढे अधूनमधून ताप येतो, सांधे दुखतात. गुरांचा डॉक्टर गाय पाहतो, माणसांचा डॉक्टर घरधनी. दोघे एकमेकांशी बोललेच नाहीत, तर दोन्ही दुखण्यांमागे ब्रुसेला हा एकच जंतू असू शकतो, हे कळावे कसे?

बोलण्याची ही सवय शिकतानाच लागावी, असे आम्हांस वाटते. स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठात १९८६ पासून वैद्यक, परिचर्या आदी शाखांचे विद्यार्थी काही भाग एकत्र शिकतात. अशा शिक्षणास विद्यार्थी मनाने कितपत तयार आहेत हे अजमावण्यासाठी पार्सेल व ब्लाय यांनी १९९९ साली इंग्लंडात १९ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. परस्परांविषयी विश्वास व आदर हवा, हे त्यांतलेच एक. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० साली एकत्र शिक्षणाचा पुरस्कार केला.

आपली मुलगी परिचारिका होणार असेल, तर कॉलेजात अशी सोय आहे काय, हे जरूर विचारावे. तोवर दुवा आपणच व्हावे. ताप आल्यास गाय गाभडल्याचे डॉक्टरांना सांगावे, वार हातमोज्यांशिवाय हाताळू नये आणि दूध उकळूनच प्यावे.