समुद्राखालून येणारा अब्बांचा आवाज

दुबईहून किंवा जेद्दाहून अब्बांचा व्हिडिओ कॉल कुठून येतो, असं आम्ही वर्गात विचारलं की बहुतेक मुलं आभाळाकडे बोट दाखवतात. सॅटेलाइट! प्रत्यक्षात देशादेशांमधलं जवळजवळ सगळं इंटरनेट समुद्राच्या तळावरच्या केबलमधून येतं. फोनपासून टॉवरपर्यंतचा टप्पा तेवढा हवेतला.

खोल पाण्यात ही केबल बागेच्या नळीएवढीच जाड असते. आत केसासारखे काचेचे तंतू, त्यांतून धावणारा प्रकाश. त्याच्या अतिवेगवान उघडझापीत आवाज आणि चेहरा उमटलेला असतो. अशा बऱ्याच केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात.

आणि तुटली तर? 30 जानेवारी 2008 रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या. दोनच दिवसांनी दुबई आणि ओमान यांच्यामधली तिसरी. तिथे पाच टनांहून जड, बेवारस नांगर सापडला! भारतात आणि आखातात इंटरनेट रखडलं, पण पार बंद पडलं नाही.

याचं कारण मुलांना वरातीवरून पटकन कळतं. महाडची वरात पुण्याला निघाली, प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी. वरंधा घाट बंद असला तर गाड्या ताम्हिणीने जातात. हॉलवर पोहोचल्यावर सगळे नंबराप्रमाणे बसतात. इंटरनेटही प्रत्येक निरोपाचे असेच नंबर घातलेले तुकडे करतं. वाटेतल्या नाक्यांवर राउटर नावाची यंत्रं असतात. कुठला रस्ता चालू आहे, हे ती एकमेकांना सतत कळवत असतात. एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र हरवलेल्यासाठी थांबायला सहसा वेळ नसतो, म्हणून अब्बांचा चेहरा मध्येच चौकोनी-चौकोनी होतो. (त्यात दर वेळी फोनचा दोष नसतो, नवा मागू नये!)

पण दुसरा घाटच नसेल तर? पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशाला जगाशी जोडणारी केबल एकच होती. 15 जानेवारी 2022 रोजी समुद्रात ज्वालामुखी फुटला आणि ती तुटली. न्यूझीलंडमध्ये कामाला असलेल्यांना आपली माणसं हयात आहेत की नाहीत, हे कित्येक दिवस कळेना. थोडेफार सॅटेलाइट फोन होते, पण ते सगळ्यांना कुठून पुरणार?

मग दुरुस्तीचं जहाज आलं. असं जहाज गळासारखा आकडा टाकून तळातून केबलची टोकं वर ओढतं, आणि डेकवर कारागीर एकेक काचतंतू जोडतात. टोंगाच्या मुख्य बेटाला पाच आठवड्यांनी इंटरनेट मिळालं. लांबच्या बेटांची केबल जोडायला मात्र जवळपास दीड वर्ष लागलं.