हिमालय : भूमी, लोक आणि श्रद्धा
(वरिष्ठ प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी)

भूगोलाच्या तासाला हिमालयाचा पाठ शिकविताना शिखरांची नावे व त्यांची उंची पाठ करून घेण्याचा प्रघात आहे. परीक्षा संपली की ही नावे विसरली जातात. तेथे माणसे राहतात, ती शेती करतात, मेंढ्या राखतात, देवाला नवस बोलतात, ही गोष्ट मुलांच्या मनास शिवतच नाही. वस्तुतः भूमी, उद्योग आणि श्रद्धा ह्यांचा परस्परसंबंध समजावून देण्यास हिमालयासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. ह्या दृष्टीने शिक्षक बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल अशी काही माहिती येथे दिली आहे.

पाठाचा आरंभ दगडापासून करावा. शाळेच्या आवारातील काळा कातळ दाखवून तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बनलेला आहे, हे सांगावे. नंतर देवघरातील शाळिग्रामाकडे लक्ष वेधावे. शाळिग्राम नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात मिळतात. त्यांवरील चक्राकार खुणा अ‍ॅमोनाइट नावाच्या सागरी प्राण्यांचे अवशेष होत. समुद्रातील प्राणी पर्वतात कसा आला, असा प्रश्न मुले आपण होऊन विचारतील. त्याचे उत्तर असे की, भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत जाऊन सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशिया खंडास भिडला, आणि मधल्या टेथिस समुद्राच्या तळाचे थर चेपले जाऊन वर उचलले गेले. हा रेटा अद्याप थांबलेला नाही. १९३४ चा बिहार-नेपाळमधील व २०१५ चा नेपाळमधील भूकंप ही त्याचीच फळे होत.

हिमालयाची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर आहे. दक्षिणेकडून शिवालिकच्या टेकड्या, मधल्या रांगा आणि उत्तरेस बर्फाच्छादित हिमाद्री अशा तीन पायऱ्या त्यास आहेत. चढत गेल्यास प्रथम सालवृक्ष, मग चीड, त्यानंतर ओक व देवदार, त्यावर भूर्जवृक्ष आणि शेवटी केवळ गवताळ कुरणे लागतात. पावसाळी वारे ही भिंत ओलांडू शकत नाहीत. म्हणून दक्षिण उतारावर दाट अरण्ये आहेत, तर पलीकडील लेह येथे वर्षाकाठी सुमारे १० सेंटीमीटर एवढीच वृष्टी होते.

जशी भूमी तसा उद्योग. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ हिवाळ्यात सखल भागी उतरतात व उन्हाळ्यात खिंडी ओलांडून वरच्या कुरणांत जातात. काश्मीरचे बकरवाल लोकही असेच ऋतूबरोबर फिरतात. लडाखच्या पठारावरील चांगपा लोक ज्या शेळ्या पाळतात, त्यांच्या मऊ लोकरीपासून पश्मिना शाली होतात. अरुणाचलातील झिरो खोऱ्यात आपातानी शेतकरी भाताच्या खाचरातच मासे वाढवितात. घरांचेही तसेच आहे. पाऊसबर्फाच्या प्रदेशात छपरे उतरती असतात. लडाखच्या कोरड्या हवेत मातीची सपाट छपरे पुरेशी होत आली आहेत.

आता श्रद्धेविषयी. तिबेटातील कैलास पर्वत हिंदूंना शिवाचे निवासस्थान म्हणून पूज्य आहे. जैन परंपरेत प्रथम तीर्थंकर ऋषभदेव ह्यांच्या निर्वाणाशी त्याचा संबंध जोडला जातो. बौद्ध यात्रेकरू त्यास उजवी घालून प्रदक्षिणा करतात, तर तिबेटच्या प्राचीन बोन धर्माचे अनुयायी उलट दिशेने फिरतात. वाट एकच, यात्रेकरू समोरासमोर येतात आणि आपापल्या मार्गाने पुढे जातात. नेपाळातील मुक्तिनाथास हिंदू व बौद्ध दोघेही भजतात. श्रीनगरात झेलमच्या काठी शाह हमदान ह्यांचा लाकडी खानकाह आहे. गढवालात बर्फाच्या सान्निध्यात शिखांचे हेमकुंड साहिब आहे. सिक्कीममध्ये कांचनगंगा शिखर पवित्र मानले जाते. १९५५ साली त्यावर प्रथम चढलेले ब्रिटिश गिर्यारोहक ह्या भावनेचा मान राखून माथ्यापासून काही फुटांवर थांबले. मुलांना हा प्रसंग अवश्य सांगावा. दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर कसा करावा, हे त्यातून व्याख्यानावाचून कळते.

पर्वत पूज्य का ठरला, ह्याचे एक कारण पाणी हे होय. जेथून नदी येते, तेथूनच कधी पूरही येतो; म्हणून त्याविषयी कृतज्ञता व भय ही दोन्ही एकत्र नांदतात. ह्याचा प्रत्यय उत्तराखंडातील चमोली जिल्ह्याच्या रेणी गावी येतो. तेथील भोटिया समाज पूर्वी तिबेटशी व्यापार करी. १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार बंद पडला आणि शेती, मेंढ्या व जंगल ह्यांवरच त्यांची भिस्त राहिली. १९७० साली अलकनंदेस आलेल्या महापुराने उघड्या डोंगरांचा धोका लोकांच्या ध्यानी आणून दिला होता. २६ मार्च १९७४ रोजी गावातील पुरुष बाहेरगावी गेले असता ठेकेदाराचे मजूर झाडे तोडावयास आले. तेव्हा गौरादेवी ह्यांच्या मागे गावच्या स्त्रिया जंगलात गेल्या, झाडांच्या व कुऱ्हाडींच्या मध्ये उभ्या राहिल्या, आणि मजुरांना परतावे लागले. हेच ‘चिपको’ आंदोलनातील सर्वांत गाजलेले पर्व होय. पुढे अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील व्यापारी वृक्षतोड थांबविण्यात आली.

कथा येथेच संपविली तर मुलांचे समाधान होईल, पण ज्ञान अपुरे राहील. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ह्याच रेणी गावावरच्या पर्वतातून खडक व बर्फ ह्यांचा प्रचंड कडा निखळला. पाणी, चिखल व दगडांचा लोंढा ऋषिगंगेतून धौलीगंगेत उतरला; दोन जलविद्युत प्रकल्पांची वाताहत झाली आणि २०० हून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. हा कडा वृक्षरेषेच्या फार वर होता. जंगलाने तो अडला नसता. परंतु अरुंद, अस्थिर खोऱ्यात नदीच्या वाटेवरच माणसांची व बांधकामांची गर्दी झाली, म्हणून हानी इतकी वाढली. एका संकटावरचा उपाय दुसऱ्या संकटावर चालत नाही, हा धडा येथे शिकावयाचा आहे.

हवेतील उष्णता वाढत असल्याने हिमनद्या आटत चालल्या आहेत. जागतिक तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली, तरी ह्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा एक तृतीयांश भाग नाहीसा होईल, असा शास्त्रज्ञांचा २०१९ मधील अंदाज आहे. लडाखचे शेतकरी एप्रिल-मे महिन्यांत पेरणीसाठी पाण्याची वाट पाहतात, पण हिमनद्यांचे पाणी उशिरा येते. ह्यासाठी सोनम वांगचुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमस्तूपाची युक्ती काढली. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी उंचावरून नळाने आणून कारंज्याप्रमाणे उडवितात. ते गोठून शंकूच्या आकाराचा ढीग बनतो. ह्या आकारात बर्फ पुष्कळ असूनही ऊन लागणारा पृष्ठभाग कमी असतो. म्हणून तो सावकाश वितळून वसंतात शेतास पाणी देतो. त्याचा आकार व नाव दोन्ही तेथील बौद्ध स्तूपाचे आहेत.

वर्गात ह्यावर एक सोपा प्रयोग करता येईल. दोन सारख्या भांड्यांत सारखेच बर्फ घ्यावे. एकात त्याचा घट्ट ढीग करावा, दुसऱ्यात ते चुरून पसरावे व दोन्ही भांडी उन्हात ठेवावी. कोणते आधी वितळते, ते मुलांनीच पाहून वहीत लिहावे. त्यानंतर आपल्या गावाची नदी वा ओढा कोठून येतो, त्याच्या उगमाशी काय आहे, काठी कोणाचे देवस्थान आहे, ही माहिती वडीलधाऱ्यांस विचारून आणावयास सांगावी. दूरच्या पर्वताचा पाठ मुलाला आपल्या ओढ्यापर्यंत घेऊन आला, म्हणजे तो खऱ्या अर्थाने शिकविला गेला असे समजावे.