राऊटरचे दूरस्थ दार

कार्यालयातील राऊटर बहुधा कुलूपबंद खोलीत असतो. प्रत्येक बदलासाठी तेथे जाणे शक्य नसल्याने दुरून ‘लॉगिन’ करण्याची सोय ठेवली जाते. हे दार कच्चे राहिले, तर सारे नेटवर्कच परक्याच्या हाती जाऊ शकते.

टेलनेट या जुन्या पद्धतीत पासवर्ड पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे उघडा प्रवास करतो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील नेटवर्कवर पासवर्डचोरी झाल्यानंतर तातू यलोनेन यांनी १९९५ साली ‘एसएसएच’ तयार केले. त्यात सारा संवाद सांकेतिक रूपात जातो.

सिस्कोच्या राऊटरवर ही सोय करताना प्रथम त्याला नाव व डोमेन नाव द्यावे. मग २०४८ बिटांची आरएसए किल्ली तयार करून एसएसएचची दुसरी आवृत्ती निवडावी. प्रत्येक व्यवस्थापकाचे स्वतंत्र खाते उघडावे. शेवटी ‘व्हीटीवाय’ या दूरस्थ प्रवेशाच्या मार्गांवर केवळ एसएसएचला, तेही ठरावीक आयपी पत्त्यांवरूनच, परवानगी द्यावी.

चालू जोडणी मात्र लगेच तोडू नये. दुसऱ्या खिडकीतून नवा प्रवेश साधल्यावरच बदल कायम जतन करावेत. अन्यथा आपणच दाराबाहेर राहण्याची वेळ येते.

२०१६ साली ‘मिराई’ने टेलनेटच्या उघड्या दारांवर कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड वापरून पाहिले आणि लक्षावधी कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. त्यामुळे मूळ पासवर्ड बदलणे आणि टेलनेट बंद करणे, ही खबरदारी पहिल्याच दिवशी घेतलेली बरी.