स्पॅनिशमधला होकार: नुसत्या 'सी'ने भागत नाही

'सी' म्हणजे हो, पण ते प्रश्नाचं उत्तर. 'ठरलं, चल' म्हणायला प्रत्येक देशाचा शब्द निराळा. माद्रिदमध्ये उठताबसता 'बाले', ब्वेनोस आइरेसमध्ये 'दाले', चिलीत 'या, पो', मेक्सिकोत 'ओराले' किंवा 'साले' (शिवी नव्हे बरं!). त्यातला 'ओराले' आश्चर्यालाही चालतो, तेव्हा सूर ऐकूनच अर्थ लावावा. कुणी म्हणेल, 'एस्ता ब्येन' सगळीकडे समजतं, मग हा खटाटोप कशाला? बोलण्यापुरतं ते खरंच; पण समोरचा काय बोलेल हे आपल्या हातात नसतं. कोशात 'लिस्तो' म्हणजे 'तयार' किंवा 'हुशार'. बोगोटात मात्र 'सहाला भेटू'वर 'लिस्तो' आलं, तर भेट पक्की. तयारी झाली का, हे विचारत बसू नका.