आधी ऊब, मग जबाब

उंचीच्या हिशेबाने माउंट वॉशिंग्टन आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटरने उंच. कळसूबाई १,६४६ मीटर, हा १,९१७. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशायर राज्यात हा डोंगर आहे. माथ्यापर्यंत १८६१ पासून गाडीरस्ता आणि १८६९ पासून दातेरी रुळांची रेल्वे. उन्हाळ्यात आजी-आजोबा नातवंडांना घेऊन वर जातात, फोटो काढून खाली येतात. त्यामुळे डोंगर घरचाच वाटतो, आणि घात तिथेच होतो.

अनेक वादळांच्या वाटा या परिसरावरून जातात. माथ्यावरच्या वेधशाळेने १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला. फेब्रुवारी २०२३ मध्ये थंडी आणि वारा मिळून अंगाला जाणवणारं तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसवर गेलं. १८४९ च्या ऑक्टोबरमध्ये एक इंग्रज तरुण बर्फातून वर निघाला. वाटाड्या मागे फिरला, तो फिरला नाही. या डोंगरावरचा तो पहिला नोंदलेला बळी. तेव्हापासून दीडशेहून अधिक माणसं इथे गेली. ऑक्टोबर हा फसवा महिना. पायथ्याशी पानं लाल-पिवळी आणि ऊन कोवळं, तर झाडोरा संपताच धारेवर पुरता हिवाळा. खालचं ऊन पाहून निघालेला माणूस साध्या बुटांत आणि एका जाकिटात त्या वाऱ्यात जाऊन उभा राहतो.

बर्फातला माग

१७ ऑक्टोबर २०१० रोजी पॅम बेल्स एकटीच या डोंगरावर निघाली होती. ती स्थानिक स्वयंसेवी बचाव पथकातली. हवा बिघडत गेली, धारेवर वारा ढकलू लागला आणि ताज्या बर्फात तिला पावलं दिसली. ठसे साध्या कॅनव्हास बुटांचे होते. अशा हवेत असे बूट घालून वर कोण गेलं असेल? ती मागावर गेली. पावलं वाट सोडून खोल घळीच्या बाजूला वळली होती. तिथे अर्ध्या चड्डीत आणि पातळ जाकिटात एक माणूस निश्चल बसलेला होता. हाक मारली तरी ओ देईना.

पुढचं काम तिने ठरल्या क्रमाने केलं. ओले, गोठलेले कपडे आणि बूट काढले. सॅकमधली कोरडी पँट, लोकरी मोजे, टोपी, जाकीट चढवलं. अंगाशी उष्णतेच्या पुड्या ठेवल्या, वाऱ्याला आड म्हणून त्याला पिशवीत गुंडाळलं, थर्मासमधलं गरम गोड कोको पाजलं. मग त्याला उठवून चालवायला सुरुवात केली. वाटेत तो बसकण मारायचा, इथेच राहू दे म्हणायचा. ती दरडावत, बोलत, गाणी म्हणत त्याला पुढे नेत राहिली. अंधार पडता पडता दोघं पायथ्याशी पोचले. तो कपडे बदलून गाडीत बसला आणि निघून गेला. नावही धड कळलं नाही. तिनेच त्याला ‘जॉन’ म्हणायला सुरुवात केली होती.

आठवड्याभराने पथकाला पत्र आलं, सोबत देणगी. तो परत यायच्या इराद्याने वर गेलाच नव्हता, आणि आता उपचार घेत होता. २०२२ मध्ये ‘इन्फिनिट स्टॉर्म’ हा चित्रपट या घटनेवर आला.

अंग गारठतं तेव्हा

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, बोटं बटण लावेनाशी होतात, जीभ अडखळते, पाय लटपटतात. साधारण ३२ अंशांच्या आसपास हुडहुडी थांबते. सोबत्यांना वाटतं, सावरला. खरं तर आतली भट्टी विझत आलेली असते. मेंदूही भरकटतो, काही जण अशा वेळी अंगावरचे कपडे भिरकावून देतात. अशा माणसाचं विचित्र वागणं, ओरडणं, ‘मला सोडा’ म्हणणं त्याच्या स्वभावातलं नसून थंडीतलं असतं.

सुती कपडा ओला झाला की ऊब धरत नाही, म्हणून आधी ओलं काढायचं. उष्णता छाती-काखेशी द्यायची. हातपाय चोळायचे नाहीत, दारू पाजायची नाही, आणि गिळता येत असेल तरच गरम गोड पेय द्यायचं. फार गारठलेल्याला हलकेच हाताळायचं, कारण धसक्याने हृदयाची लय बिघडू शकते. नाडी लागत नाही म्हणून घाईने आशा सोडायची नाही. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या पाण्यात अडकलेली ॲना बोगेनहोम ही डॉक्टर १३.७ अंशांपर्यंत गार पडूनही वाचली.

बिल कुणाच्या नावे?

न्यू हॅम्पशायरमध्ये शोध-बचावाची जबाबदारी मत्स्य आणि वन्यजीव खात्याकडे आहे. या कामासाठीच्या निधीत होड्या आणि बर्फावरच्या गाड्यांच्या नोंदणीतला एकेक डॉलर जमा होई. पायी चालणारे काहीच भरत नसत. २००८ पासून निष्काळजीपणा ठरला तरी खर्च वसूल करता येऊ लागला. २००९ मध्ये घोटा मुरगळून तीन रात्री डोंगरात काढलेल्या १७ वर्षांच्या मुलाला २५ हजार डॉलरहून मोठं बिल गेलं. २०१५ पासून २५ डॉलरचं वार्षिक कार्ड निघालं. ते असेल तर निष्काळजीपणाचा खर्च माफ, बेदरकारपणाचा नाही.

बचावकर्त्यांचा जीव पणाला लागतो, हा वसुलीच्या बाजूचा मुद्दा खराच. जानेवारी १९८२ मध्ये ह्यू हर आणि जेफ बॅट्झर हे तरुण गिर्यारोहक याच डोंगरावर वाट चुकले. वेग मिळावा म्हणून ओझं मागे ठेवून गेले होते. त्यांच्या शोधात निघालेला २८ वर्षांचा स्वयंसेवक अल्बर्ट डाऊ हिमलोटात गेला. दोघे वाचले. हरचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. पुढे एमआयटीत त्याने कृत्रिम पायांच्या संशोधनात नाव कमावलं. डाऊच्या मरणाचं बिल कुणाला लावणार?

तरीही अमेरिकेतली माउंटन रेस्क्यू असोसिएशन वसुलीच्या विरोधात आहे. बिलाच्या धास्तीने माणूस फोन करायला उशीर करतो. दुपारी सोपी असलेली सुटका मध्यरात्री, वादळात करावी लागते, आणि धोका वाढतो तो बचावकर्त्यांचाच. शिवाय वरवर पाहता ‘जॉन’इतका निष्काळजी माणूस कुठला? त्याच्या चड्डीमागचं कारण कपड्यांवरून कुणालाच कळलं नसतं.

आपल्याकडेही हा वाद दर पावसाळ्यात रंगतो. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचे कार्यकर्ते किंवा महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेली पथकं पदरमोड करून दऱ्यांत उतरतात, आणि खाली लोक ‘कशाला वाचवायचं असल्यांना’ म्हणत असतात. आता मराठी मुलं डिसेंबर-जानेवारीत केदारकंठासारख्या बर्फातल्या ट्रेकला गटागटाने जातात. सह्याद्रीची सवय तिथे पुरत नाही. त्यांना पायथ्याशीच अडवून सॅक उघडायला लावणं, जीन्सवाल्याला स्पष्ट ‘तू येऊ नकोस’ म्हणणं आणि परतायची वेळ आधी ठरवणं हे म्होरक्याचं काम. एवढं करूनही कुणी फसला, तर बेल्ससारखा कपड्यांचा एक जादा कोरडा जोड गटातल्या एकाच्या तरी सॅकमध्ये हवा. माणूस खाली आला, शुद्धीवर आला, की त्याला खुशाल चार शब्द सुनवा. ते ऐकायला तो जिवंत असला पाहिजे.